पाण्यास न भिणारे घड्याळ : हान्स विल्सडॉर्फ यांचे चरित्र

आपल्याकडे पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडीत असत. पाण्याने भरलेल्या घंगाळात, तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी अलगद सोडावयाची. छिद्रातून पाणी आत शिरे, वाटी हळूहळू भरे, आणि ती बुडाली म्हणजे एक घटिका, अर्थात २४ मिनिटे, झाली असे समजावयाचे. कालमापन आणि पाणी यांचा असा जुना स्नेह होता. पुढे कमानीची व चाकांची घड्याळे आली आणि तो स्नेह तुटला. पाण्याचा एक थेंब आत गेला की पोलादास गंज चढतो, तेल बिघडते आणि घड्याळ मुके होते. पावसाळ्यात मनगटावरील घड्याळाच्या काचेला आतून धुके धरलेले आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. या तुटलेल्या स्नेहाची पुन्हा जुळणी करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या हान्स विल्सडॉर्फ यांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. विल्सडॉर्फ हे शास्त्रज्ञ नव्हते, आणि घड्याळजीची विद्याही ते शिकले नव्हते. ते व्यापारी होते. व्यापाऱ्याचे चरित्र शाळेच्या वार्षिकात कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास आमचे उत्तर असे की, या मनुष्याने जन्मभर जी वस्तू विकली ती खरे पाहता घड्याळ नव्हे. ती विश्वास होय. आणि विश्वास कसा मिळतो, कसा टिकतो व कोणत्या फटीतून गळून जातो, हे जाणण्याची गरज विद्यार्थ्यास व्यापाऱ्याहून कमी नाही.

हान्स विल्सडॉर्फ यांचा जन्म ता. २२ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात कुल्मबाख या गावी झाला. घरी लोखंडी अवजारांचा चांगला चाललेला व्यापार होता. परंतु हान्स बारा वर्षांचा होतो न होतो तोच आई व वडील दोघेही थोड्या अवधीत निवर्तले. हान्स, त्याचा भाऊ आणि बहीण अशी तीन भावंडे पोरकी झाली. मामांनी मुलांचा सांभाळ पत्करला. मात्र वडिलांचा व्यापार त्यांनी विकून टाकला आणि आलेला पैसा मुलांच्या शिक्षणाकडे लावला. हान्सला कोबुर्ग येथील वसतिगृहाच्या शाळेत ठेवण्यात आले. ज्या मुलाने उद्या वडिलांच्या गादीवर बसावयाचे, त्याची गादीच अशी नाहीशी झाली. हा निर्णय बालवयात कठोर वाटला असल्यास नवल नाही. परंतु आपल्या पायांवर उभे राहण्याची सवय आपणांस यामुळेच लागली, असे विल्सडॉर्फ यांनी उतारवयात मोकळ्या मनाने मान्य केले. शाळेत गणित आणि भाषा या दोन विषयांत त्याची गती विशेष होती. ही दोन विद्याधनेच पुढे त्याच्या उपयोगी पडली.

शिक्षण आटोपल्यावर हान्स स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरी मोत्यांच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. तेथून इ. स. १९०० मध्ये तो ला शो-द-फों या गावी आला. हे गाव म्हणजे घड्याळांचे माहेरघर. तेथील कूनो कोर्टेन या निर्यात करणाऱ्या पेढीत त्यास इंग्रजी पत्रव्यवहाराचे काम मिळाले. पगार महिना ८० फ्रँक. पत्रे लिहिण्याखेरीज त्याच्याकडे आणखी एक काम होते, आणि ते बहुतेकांना कंटाळवाणे वाटले असते : रोज शेकडो खिशातील घड्याळांना चावी द्यावयाची आणि प्रत्येक घड्याळ किती पुढे जाते व किती मागे पडते, याची नोंद ठेवावयाची. आमच्या मते याच कंटाळवाण्या कामात विल्सडॉर्फ यांच्या भावी यशाचे बीज पडले. शेकडो घड्याळे रोज हाताळल्यामुळे खरे कोणते व दिखाऊ कोणते, हे त्यास कळू लागले.

इ. स. १९०३ मध्ये विल्सडॉर्फ लंडनला गेले, आणि १९०५ मध्ये आल्फ्रेड डेव्हिस या आपल्या मेहुण्यांच्या भागीदारीत त्यांनी घड्याळांची स्वतंत्र पेढी काढली. त्या वेळी वय अवघे २४ वर्षांचे. त्या काळी सभ्य पुरुष घड्याळ खिशात बाळगीत. मनगटावर घड्याळ बांधणे हा स्त्रियांचा अलंकार समजला जाई. शिवाय मनगटावरचे यंत्र लहान, त्यास सदा हिसके बसावयाचे, धूळ व घाम लागावयाचा. तेव्हा ते वेळ बरोबर दाखवूच शकणार नाही, अशी जाणत्या घड्याळजींचीही समजूत होती. विल्सडॉर्फ यांचे मत निराळे पडले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात सैनिकांनी घड्याळे मनगटास बांधली होती, कारण हात मोकळे राहणे ही त्यांची निकड होती. जी निकड आज सैनिकाची ती उद्या सर्वांची होईल, असा त्यांनी अंदाज बांधला, आणि स्वित्झर्लंडमधील बिएन येथील एग्लर यांच्या कारखान्याकडे लहान यंत्रांची मोठी मागणी नोंदविली.

इ. स. १९०८ मध्ये त्यांनी आपल्या मालासाठी 'रोलेक्स' हे नाव नोंदविले. नाव लहान असावे, कोणत्याही भाषेत सहज उच्चारता यावे आणि तबकडीवर नीट मावावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. परंतु नुसत्या नावाने काय होते? आपल्याकडे म्हणच आहे की, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. नावास साजेसा गुण हवा, आणि तो गुण विकणाऱ्याने सांगून चालत नाही. तिऱ्हाइताने पारखून सांगावा लागतो. म्हणून विल्सडॉर्फ यांनी आपली घड्याळे परीक्षेस बसविली. इ. स. १९१० मध्ये बिएन येथील अधिकृत परीक्षणसंस्थेने त्यांच्या मनगटी घड्याळास अचूकतेचे प्रमाणपत्र दिले. पुढे ता. १५ जुलै १९१४ रोजी इंग्लंडमधील क्यू येथील वेधशाळेने त्यांच्या एका लहानशा मनगटी घड्याळास पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र दिले. ही परीक्षा ४५ दिवस चाले. घड्याळ उभे, आडवे, उलटे ठेवून, थंडीत व उष्णतेत ठेवून तपासले जाई. 

या यशाचा आनंद तीन आठवडेही टिकला नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंड व जर्मनी यांच्यात युद्ध पेटले. विल्सडॉर्फ हे इंग्लंडचे रहिवासी, त्यांची पत्नी इंग्रज; परंतु जन्म जर्मनीतला आणि आडनावही जर्मन. पेढीच्या पाटीवरून ते आडनाव उतरले व 'रोलेक्स' तेवढे उरले. त्यातच १९१५ मध्ये परदेशी घड्याळांवर शेकडा ३३⅓ जकात बसली. अखेर त्यांनी आपला मुख्य कारभार जिनिव्हा येथे हलविला, आणि पुढील आयुष्य तेथेच घालविले. एक मात्र झाले. खंदकात लढणाऱ्या सैनिकास खिशातील घड्याळ काढून पाहण्याची सवड नसे. मनगटी घड्याळ हा बायकी अलंकार आहे, असे युद्धानंतर फारसे कोणी म्हणेनासे झाले.

आता आम्ही या चरित्राच्या गाभ्याकडे वळतो. अचूक घड्याळ तयार झाले. पण ते अचूक राहावे कसे? धूळ आणि ओल हे त्याचे वैरी. घड्याळाच्या कवचास तीन फटी असतात : एक काचेच्या कडेची, दुसरी पाठीच्या झाकणाची, आणि तिसरी, सर्वांत लहान पण सर्वांत घातक, चावीच्या घुंडीची. पहिल्या दोन बुजविता येतात; परंतु घुंडी रोज फिरवावी लागते, म्हणून तिच्या दांडीसाठी भोक ठेवणे भागच आहे. पाणी तेथूनच शिरे. यापूर्वीही अनेकांनी या अडचणीवर उपाय योजून पाहिले होते. पेरेगो व पेरे या दोन स्विस कारागिरांनी घुंडीलाच मळसूत्राचे आटे पाडून ती कवचावर घट्ट पिळून बसविण्याची युक्ती काढली होती. विल्सडॉर्फ यांनी तिचे मोल ओळखले आणि तिचे हक्क विकत घेतले. काचेचे कडे, पाठीचे झाकण आणि घुंडी अशी तिन्ही आट्यांनी आवळलेली जी डबी १९२६ मध्ये तयार झाली, तिला त्यांनी 'ऑयस्टर', म्हणजे शिंपला, असे नाव दिले. शिंपला मिटला की त्यात पाण्याचा शिरकाव नाही. मोत्यांच्या पेढीवर उमेदवारी केलेल्या मनुष्यास हे नाव शोभलेही.

युक्ती साधली, तरी लोकांचा विश्वास कसा बसावा? येथे मर्सेडीस ग्लाइट्झ या तरुणीची हकीकत सांगणे अवश्य आहे. लंडनमधील कचेरीत टंकलेखन करून उपजीविका करणारी ही मुलगी ता. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी इंग्लिश खाडी पोहून गेली. असे करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. यापूर्वी ती सात वेळा अपयशी झाली होती. परंतु थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका स्त्रीने आपण खाडी त्याहून लवकर पोहून गेलो असे जाहीर केले, आणि पुढे ते असत्य असल्याची तिनेच कबुली दिली. झाले! एकीच्या असत्यामुळे दुसरीच्या सत्यावरही लोक संशय घेऊ लागले. तेव्हा आपला शब्द खरा करून दाखविण्यासाठी मर्सेडीस ता. २१ ऑक्टोबर रोजी पुन्हा समुद्रात उतरली. विल्सडॉर्फ यांनी या प्रसंगासाठी तिला एक लहान ऑयस्टर घड्याळ दिले होते. ते तिने गळ्यात अडकविले. पाणी अतिशय थंड होते. दहा तासांहून अधिक काळ झुंजल्यावर, पैलतीर गाठण्यापूर्वीच तिला बाहेर काढावे लागले. परंतु तिचे धैर्य प्रत्यक्ष पाहिल्यावर पहिल्या पोहण्याविषयीचा संशय फिटला. आणि गळ्यातील घड्याळ चालूच होते व बरोबर वेळ दाखवीत होते.

ता. २४ नोव्हेंबर १९२७ रोजी लंडनच्या 'डेली मेल' पत्राचे संपूर्ण पहिले पान घेऊन विल्सडॉर्फ यांनी या घड्याळाची जाहिरात केली. ऑयस्टर घालून मर्सेडीस खाडी पार करून गेली, असे पुढे पुष्कळांनी लिहिले आहे. ते बरोबर नाही. खाडी पार केली ती घड्याळावाचून, आणि घड्याळ होते ते अपुऱ्या राहिलेल्या पोहण्यात. आम्हांस तर हे अपुरे पोहणेच अधिक मोठे वाटते. पहिल्या पोहण्याने तिचा पराक्रम सिद्ध झाला. दुसऱ्याने तिची सचोटी. पुढे दुकानदार आपल्या काचेच्या खिडकीत मासे सोडलेल्या पाण्याच्या भांड्यात ऑयस्टर घड्याळ टांगून ठेवीत. रस्त्याने जाणाऱ्याने थांबावे, पाहावे आणि स्वतः खात्री करून घ्यावी.

तरी एक उणीव उरलीच होती. चावी देण्यासाठी घुंडी रोज सोडवावी लागे, आणि ती पुन्हा घट्ट करण्यास मालक विसरला की सारी योजना फुकट. १९३१ मध्ये विल्सडॉर्फ यांच्या कारखान्याने घड्याळात एक अर्धवर्तुळाकार वजन बसविले. हाताच्या हालचालीबरोबर ते दोन्ही दिशांनी संपूर्ण फिरे आणि कमान आपोआप आवळली जाई. रोज चावी देण्याचे कारण संपले, आणि शिंपला मिटलेलाच राहू लागला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा विल्सडॉर्फ साठीच्या घरात होते. जर्मनांनी कैद केलेल्या पुष्कळ ब्रिटिश सैनिकांची घड्याळे काढून घेण्यात आली होती. बंदीवासात वेळही कळू नये, यासारखी दुसरी शिक्षा नाही. विल्सडॉर्फ यांनी कळविले की, छावणीतील कैद्यांनी पत्र लिहून घड्याळ मागवावे आणि पैसे युद्ध संपल्यावर द्यावेत. ना तारण, ना जामीन. केवळ मनुष्याचा शब्द. युद्ध केव्हा संपेल, कोण जिंकेल आणि मागणारा जिवंत राहील की नाही, हे कोणास ठाऊक होते? यात व्यापारी धोरण मुळीच नव्हते असे आम्ही म्हणत नाही. कैदी सुटून घरी गेले ते या घड्याळांची कीर्ती घेऊनच गेले. परंतु आपला माल विश्वासू आहे असे सांगणारे पुष्कळ असतात. आधी स्वतः गिऱ्हाइकावर विश्वास टाकणारा विरळा. जन्माने जर्मन असलेल्या या गृहस्थाने जर्मनांच्या कैदेतील ब्रिटिशांवर तो टाकला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

युद्धानंतर समुद्राच्या पोटात शिरण्याचे एक नवे साधन माणसाच्या हाती आले. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो व गान्यां यांनी पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखाली श्वास घेण्याची युक्ती सिद्ध केली होती. नळकांड्यातील हवा मोजकी. ती किती मिनिटे पुरली व किती उरली, हे न कळल्यास प्राणावर बेतावयाचे. म्हणून बुडी मारणाऱ्यास घड्याळ म्हणजे अलंकार नव्हे, प्राणरक्षकच. १९५३ साली विल्सडॉर्फ यांच्या कारखान्याने 'सबमरीनर' नावाचे घड्याळ सिद्ध केले. ते १०० मीटर खोलीपर्यंत टिके. त्याच्या काचेभोवती मिनिटांच्या खुणा असलेले फिरते कडे होते. बुडी मारताना कड्यावरील मुख्य खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवावयाची. मग काटा कड्यावरील ज्या खुणेशी येईल, तितकी मिनिटे गेली असे समजावयाचे. पुढील घड्याळांत हे कडे एकाच दिशेस फिरेल अशी तजवीज झाली. त्यामुळे धक्का लागून ते सरकलेच, तरी गेलेला वेळ अधिक दिसेल, कमी कधीच दिसणार नाही. मनुष्य लवकर वर येईल, उशिरा नव्हे. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूस व्हावी, ही किती शहाणपणाची योजना!

अशा घड्याळाचा मान एकट्या विल्सडॉर्फ यांचा नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९३२ मध्येच 'ओमेगा'ने दुहेरी कवचाचे घड्याळ काढले होते. आणि १९५३ मध्येच 'ब्लांपें' या पेढीने फ्रेंच आरमारातील बुडी मारणाऱ्या सैनिकांच्या सूचनेवरून 'फिफ्टी फॅदम्स' हे उत्तम घड्याळ तयार केले. एकाच गरजेने अनेक डोकी एकाच वेळी कामाला लागली होती.

ता. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार व डॉन वॉल्श हे दोघे 'त्रिएस्त' नावाच्या यानातून पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोल, जाऊन आले. यानाच्या बाहेरील अंगास विल्सडॉर्फ यांच्या कारखान्याचे खास बनविलेले एक घड्याळ बांधले होते. ते वर आले तेव्हा चालू होते. पुढे सहा महिनेही झाले नाहीत तोच ता. ६ जुलै १९६० रोजी जिनिव्हा येथे विल्सडॉर्फ यांचे देहावसान झाले. पत्नी १९४४ मध्येच वारली होती. पोटी संतान नव्हते. १९४५ मध्ये त्यांनी आपल्या नावाने एक धर्मादाय निधी स्थापिला होता; त्यांच्या पश्चात पेढीची मालकी त्या निधीकडे गेली. बारा वर्षांच्या ज्या मुलाचा वडिलोपार्जित व्यापार विकला गेला, त्याने स्वतः उभारलेला व्यापार विकला जाणार नाही अशी व्यवस्था करून ठेवली. जिनिव्हा येथे आर्व्ह नदीवर २०१२ मध्ये खुला झालेला एक पूल त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्या जुन्या घड्याळांचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून ही कथा पुरी होणार नाही. खलाशी, सैनिक व समुद्रसंशोधक यांनी मनगटावर वागविलेली, ओरखडे पडलेली घड्याळे आज शौकीन लोक शोधीत फिरतात व लिलावात त्यांच्यासाठी चढाओढ करतात. याच कारखान्याचे, परंतु मोटारींच्या शर्यतींसाठी केलेले, पॉल न्यूमन या नटाचे एक घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे सुमारे १ कोटी ७७ लक्ष डॉलरांस विकले गेले. या बाजारातील एक नियम मोठा बोधप्रद आहे. घड्याळ जितके मूळच्या स्थितीत, तितके ते मोलाचे. तबकडी पुन्हा रंगविली, काटे बदलले, कवच घासून चकचकीत केले, की किंमत उतरते. उन्हाने पिवळी पडलेली तबकडी चालते. नवी लावून जुनी म्हणून सांगितलेली चालत नाही. दहा घड्याळांचे भाग जुळवून अस्सल म्हणून विकणारे लबाडही असतात. म्हणून जाणते लोक घड्याळाबरोबर त्याची मूळ पावती आणि विकणाऱ्याचा लौकिकही पारखून घेतात. जुन्या तबकड्यांवरील अंधारात चकाकणाऱ्या लेपात रेडियम असे, आणि तो अपायकारक असल्यामुळे अशी घड्याळे उघडण्याचे काम जाणकारानेच करावयाचे असते.

आणि काय दैवगती पाहा! समुद्राच्या तळाशी जाण्यासाठी जन्मलेले हे घड्याळ आता नळाच्या पाण्यापासूनही जपावे लागते. आतील रबरी कड्या जुन्या होऊन कडक पडतात. चाचणी केल्यावाचून असे घड्याळ पाण्यात नेऊ नये, असे कारागीर बजावतात. पुष्कळशी घड्याळे तिजोरीत बंद आहेत. त्यांची किंमत वाढली. उपयोग मात्र संपला. ज्या वस्तूवर एकेकाळी मनुष्य आपला प्राण सोपवीत असे, तिच्यावर आज तो केवळ पैसा सोपवितो. यांपैकी मोठा सन्मान कोणता, हे आमच्या वाचकांनीच ठरवावे.

विद्यार्थिमित्रहो, हान्स विल्सडॉर्फ यांच्याइतके धन तुमच्यापैकी फार थोड्यांस मिळेल. परंतु ज्या घुंडीच्या फटीने त्यांना इतकी वर्षे कामास लावले, ती फट आपल्या प्रत्येकात आहे. मोठी दारे आपण सारेच लावून घेतो; चोरी करीत नाही, उघड खोटे बोलत नाही. परंतु रोजच्या वापरातील एखादी लहानशी जागा सैल राहते : न पाळलेली वेळ, न परत केलेले पुस्तक, उत्तरपत्रिकेतील एक चोरटी नजर. पाणी तेथूनच शिरते. घटिकापात्राच्या वाटीस एकच छिद्र असते, आणि तेवढ्यानेच ती चोवीस मिनिटांत बुडते. वाटी बुडणे हे तिचे कामच आहे. आपले काम तरणे हे होय.